लेखनिक कोण होते? अपंगत्व, संसार आणि मराठी कथालेखन

मराठी कादंबरीच्या इतिहासात नाथमाधवांच्या वाट्याला सहसा एखादाच परिच्छेद येतो, आणि त्यात एक वाक्य हमखास असते : १९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून पडले, कमरेखालचे शरीर लुळे झाले, आणि मग ते कादंबरीकार झाले. वाक्य खरे आहे. पण त्यातल्या ‘आणि मग’ या दोन शब्दांत किती काय दडपले गेले आहे, याचा विचार फारसा होत नाही. अठरा महिने रुग्णालयात काढून घरी परतलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या न राहू शकणाऱ्या पंचविशीच्या आसपासच्या माणसाला अंघोळ कोण घालत असे? दौत-टाक हाताशी कोण ठेवत असे? छापखान्यातून आलेली मुद्रिते कोण आणत असे आणि तपासून कोण परत पोचवत असे? वाङ्मयाचा इतिहास हे प्रश्न विचारत नाही. ते घरातले प्रश्न आहेत, म्हणून ते इतिहासाबाहेरचे, असे आपण धरून चालतो.

या लेखात मला तेच प्रश्न विचारायचे आहेत. अपंगत्व, संसार आणि कथालेखन या तीन गोष्टी एकाच आयुष्यात एकत्र आल्या तर लेखन नेमके कशावर चालते? यासाठी मराठीतील तीन लेखकांची आयुष्ये मी समोर घेतली आहेत : नाथमाधव, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि वि. स. खांडेकर. तिघांची शारीरिक अडचण वेगळी, घर वेगळे, पिढीही थोडी वेगळी. विषयाशी माझा संबंध केवळ वाचकाचा नाही, हेही सांगून ठेवते. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरची. लहानपणीच्या पोलिओने उजवा पाय गेला, शिक्षिकेची नोकरी केली, दोन मुले वाढवली आणि या सगळ्याच्या फटीफटींतून कथा लिहिल्या. म्हणून ‘आणि मग’ हे शब्द मला थांबवतात.

सिंहगडावरून पडलेला माणूस

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२, मृत्यू २१ जून १९२८. म्हणजे एकूण आयुष्य शेहेचाळीस वर्षांचे आणि त्यातली निम्मी अपंगावस्थेत गेलेली. शिकारीचा शौक असलेला, डोंगर-कडे तुडवणारा हा तरुण. अपघातानंतर रुग्णालयातल्या दीर्घ मुक्कामात त्यांनी वाचनाचा सपाटा लावला आणि १९०८ साली ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी आली. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी जे लिहिले ते पाहिले की प्रथम नजरेत भरतो तो त्याचा आवाका. ‘सावळ्या तांडेल’ ही दर्यावरची कथा. ‘वीरधवल’ ही १९१३ सालची अद्भुतरम्य कादंबरी, जी वाचून मराठी घरांतल्या दोन पिढ्यांनी रात्री जागवल्या. ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ ही रहस्याची. ‘डॉक्टर’ ही १९१८ ते १९२० या काळात तीन भागांत आलेली, स्त्रीशिक्षणाचा प्रश्न घेऊन उभी राहिलेली सामाजिक कादंबरी. आणि मग ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू झालेली शिवकालावरची मालिका.

या यादीत दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे, ज्याला उंबरठा ओलांडायला दुसऱ्याचा हात लागत होता त्याने समुद्र, घोडदौड आणि गडकोट लिहिले. गडावरून कोसळलेल्या माणसाने पुढे गड चढणाऱ्यांच्या कथा लिहिल्या. यावर ‘शरीर अडकले म्हणून मन धावले’ असे सोपे स्पष्टीकरण पटकन देता येते. मला ते अपुरे वाटते. हरि नारायण आपट्यांनी ‘उषःकाल’ लिहून शिवकालीन कादंबरीची वाट आधीच घालून दिली होती, इंग्रजीतून आलेल्या अद्भुत आणि रहस्यकथांचा वाचकवर्ग तयार होता. धडधाकट नाथमाधवांनीही कदाचित हेच विषय घेतले असते. अपंगत्वाने विषय दिले असे म्हणण्यापेक्षा, ज्या शरीराने ते डोंगर पाहिले होते त्या शरीराची आठवण त्यांच्याकडे शिल्लक होती, एवढेच म्हणता येते. कड्याची चढण, धापा टाकणारी छाती, हाताखाली सरकणारा मुरूम हे त्यांना कोणाला विचारावे लागले नसणार.

दुसरी गोष्ट ‘डॉक्टर’ या नावाची. अठरा महिने रुग्णालयात पडून राहिलेल्या रुग्णाने आपल्या सर्वांत मोठ्या सामाजिक कादंबरीला हे नाव द्यावे आणि तिच्या केंद्रस्थानी स्त्रीच्या शिक्षणाचा, तिच्या स्वतंत्र उभे राहण्याचा प्रश्न ठेवावा, याकडे मी योगायोग म्हणून पाहू शकत नाही. दिवसरात्र खाटेवर असलेला माणूस घरातले जे जग पाहतो ते कामाला जाणाऱ्या पुरुषाला दिसतच नाही. दुपारचे घर त्याला दिसते. चुलीपाशी चाललेली बोलणी त्याच्या कानावर पडतात, बायका एकमेकींना काय सांगतात आणि पुरुष घरात आल्यावर काय सांगायचे थांबतात, हेही त्याला कळते. त्या काळच्या पुरुष कादंबरीकारांपैकी फार थोड्यांना हे दुपारचे घर पाहायला मिळाले असेल.

आणि तरी, ते घर चालवणाऱ्या माणसांबद्दल वाङ्मयेतिहासाने काहीच लिहून ठेवले नाही. अपघाताची तारीख, जागा, कारण सांगणाऱ्या नोंदींत पुढच्या तेवीस वर्षांच्या शुश्रूषेला एक ओळही मिळत नाही.

जळगाव जामोदचा वकील

दुसरा लेखक माझ्या शेजारचा. संग्रामपूर हा आज स्वतंत्र तालुका असला तरी कोल्हटकरांच्या काळात आमची गावे जळगाव तालुक्यात होती. हा जळगाव म्हणजे खानदेशातला नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याचा जळगाव जामोद. ऑगस्ट १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला जोडले गेले. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, बावनबीर इथल्या शेतकऱ्याला बांधाचा तंटा घेऊन जायचे असेल तर जळगावची वाट धरावी लागे. आणि त्या जळगावात वकिली करणाऱ्यांमध्ये एक होते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

२९ जून १८७१ रोजी नागपूरला जन्मलेले कोल्हटकर बुलढाणा, अकोला आणि पुणे इथे शिकले, १८९७ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वऱ्हाडात परतले. लहानपणी झालेल्या अर्धांगवायूने त्यांच्या चेहऱ्यात आणि उच्चारात कायमचे वैगुण्य राहिले होते. आता वकिली हा धंदा कशाचा? तोंडाचा. न्यायाधीशासमोर उभे राहून बोलण्याचा. ज्याचा चेहरा आणि वाणी पूर्ण साथ देत नाही अशा माणसाने पोटासाठी नेमका तोच धंदा पत्करला, आणि हौसेसाठी नाटक पत्करले. तेही दुसऱ्यांच्या तोंडून बोलण्याचे काम.

१८९६ साली किर्लोस्कर मंडळीने ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाला पारशी रंगभूमीच्या चालींचे नवे वळण मिळाले. त्यानंतर १९०१ साली आलेल्या नाटकाचे नाव आहे ‘मूकनायक’. या नाटकाचा नायक मुका असल्याचे सोंग घेतो. बोलता येत असून न बोलणारा नायक, आणि तो रचणारा लेखक असा, की ज्याला बोलण्यासाठी रोज श्रम पडत होते. समीक्षकांनी या नाटकातल्या मद्यपाननिषेधाची, पदांची, कोटिबाज संवादांची चर्चा केली आहे. सोंगातल्या मुकेपणाकडे शरीराच्या बाजूने पाहिले की त्याला आणखी एक अर्थ येतो. नायकाचे मुकेपण शेवटी गळून पडते. लेखकाचे गळून पडणारे नव्हते. कथेत जे करता येते ते देहात करता येत नाही, ही जाणीव त्या कल्पनेच्या तळाशी असावी, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो घ्यावा.

कोल्हटकरांचा विनोद याहून अधिक बोलका आहे. ‘विविधज्ञानविस्तार’मधून त्यांचे विनोदी लेख येऊ लागले. त्यांचा संग्रह आधी ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ या नावाने आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने प्रसिद्ध झाला. आरंभीच्या लेखांतच ‘साक्षीदार’ आहे. कोर्टाच्या पायरीवर रोज दिसणारा माणूस. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने रूढी, सोवळे, ज्योतिष, लग्नसमारंभ या सगळ्यांची टर उडवली. पण हसण्याचा पहिला धनी सुदामा स्वतःच असतो. मराठीत स्वतःला हसणारा निवेदक प्रथम इतक्या ठसठशीतपणे उभा राहिला तो इथे. आपल्या चेहऱ्याकडे लोक पाहतात, मुले पाहून कुजबुजतात, हे ज्याला बालपणापासून ठाऊक आहे तो लवकर एक गोष्ट शिकतो : दुसऱ्याने हसण्याआधी आपण हसावे, म्हणजे हसण्याची सूत्रे आपल्या हाती राहतात. वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना माझ्या कॅलिपरचा आवाज स्वतःच वाजवून दाखवत असे. दुसऱ्या दिवसापासून कोणी तिकडे पाहत नसे.

पुढे कोल्हटकरांनी कथा लिहिल्या, ‘श्यामसुंदर’ आणि ‘दुटप्पी की दुहेरी’ या कादंबऱ्या लिहिल्या, १९२७ च्या पुणे येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. महाराष्ट्रगीत त्यांचेच. पण हे सारे ज्या गावातून झाले त्या गावाची कल्पना करा. जळगाव जामोदला रेल्वे आजही नाही. नांदुऱ्याला उतरायचे, येरळीपाशी पूर्णा ओलांडायची, मग जळगाव. पुण्या-मुंबईच्या नाटक कंपन्यांपासून आणि मासिकांच्या कचेऱ्यांपासून इतक्या लांब बसून एक माणूस मराठी रंगभूमीची आणि विनोदाची दिशा बदलतो.

हे कसे जमले? माझ्या मते याचे उत्तर टपालात आहे. नाटकाची तालीम घ्यायला जावे लागते, पण नाटक लिहायला जावे लागत नाही. सभेत बोलावे लागते, पण लेख टपालाने जातो. नाटककार, विनोदकार, टीकाकार या तिन्ही भूमिका कोल्हटकर कागदावरून निभावू शकत होते. आणि कागदावर त्यांचा उच्चार कोणाहूनही स्वच्छ होता. तोंडाची वाणी आणि लेखणीची वाणी यांत एवढा फरक असलेला, आणि त्या फरकावरच सारे उभे केलेला, दुसरा मराठी लेखक मला आठवत नाही. घरखर्चाची बाजू वकिलीने सांभाळली. लेखनावर घर चालवण्याची पाळी आली नाही म्हणून लेखनाला मोकळीक राहिली. अपंगत्व असलेल्या लेखकाच्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण औषधपाणी आणि मदतनीस यांचा खर्च त्याच्या मागे कायमचा असतो.

शिरोड्याचे मास्तर

तिसरे उदाहरण सर्वपरिचित आहे, पण या अंगाने फारसे पाहिले गेलेले नाही. विष्णु सखाराम खांडेकर. जन्म ११ जानेवारी १८९८, सांगली. १९२० साली ते शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. नंतर कोल्हापूर. प्रकृती तोळामासा, डोळे अधू. उत्तरायुष्यात दृष्टी पूर्ण गेली. १९२९ साली लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी आली. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘हिरवा चाफा’, ‘रिकामा देव्हारा’ या कादंबऱ्यांच्या शीर्षकांखालची सालवारी पाहा. मुले लहान, शाळेचा व्याप, खेड्यातला तुटपुंजा पगार आणि दुसरीकडे १९३६ पासून ‘छाया’, ‘ज्वाला’, ‘देवता’ अशा चित्रपटांचे लेखन. संसार आणि लेखन एकमेकांच्या अंगावर रेलून चालले होते.

मग १९४२ साली ‘क्रौंचवध’ आली आणि पुढची कादंबरी ‘अश्रू’ यायला १९५४ साल उजाडले. कथा, रूपककथा, लघुनिबंध चालू होते. कादंबरी थांबली होती. या खंडाची कारणे एकाहून अधिक असतील. पण आजारपण, कमी होत चाललेली नजर आणि घरातल्या जबाबदाऱ्या असलेल्या लेखकाला दोन पानांचा निबंध परवडतो आणि तीनशे पानांची कादंबरी परवडत नाही, हे साधे गणित त्यात असल्याशिवाय राहणार नाही. वाङ्मयप्रकार आपण निवडतो असे वाटते. पुष्कळदा शरीर आणि घर मिळून ते निवडत असतात. माझ्या स्वतःच्या नावावर कादंबरी नाही, कथाच आहेत, याचे कारण मला सौंदर्यशास्त्रात शोधावे लागत नाही.

‘ययाति’ १९५९ सालची. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चा ज्ञानपीठ तिला मिळाला. मराठीतला तो पहिला ज्ञानपीठ. पुरस्कार मिळाला तेव्हा ज्या डोळ्यांनी ती लिहिली ते डोळे विझले होते. शेवटच्या वर्षांतले खांडेकरांचे लेखन सांगून लिहवलेले आहे. खांडेकर बोलत आणि दुसरे कोणी लिहून घेत असे. आपल्या हस्ताक्षराचा ओघ, खोडणे, समासात मागाहून शब्द घालणे, मागचे पान उलटून पाहणे या सगळ्याशिवाय लिहायचे. सांगून लिहिणाऱ्याला वाक्य आधी पूर्ण मनात बांधावे लागते, आणि समोरचा माणूस वाट पाहत बसलेला असतो. त्याच्या वेळेचे, त्याच्या कंटाळ्याचेही भान ठेवावे लागते. एकांतात लिहिण्याची चैन तिथे नसते.

लेखनिकाची जागा

इथे आपण मूळ प्रश्नाशी आलो. लेखनिकाला मराठी परंपरेने कधीकाळी मोठा मान दिला होता. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, हे वारकरी आजही आदराने सांगतो. तुकोबांच्या अभंगांसोबत संताजी जगनाड्यांचे नाव येते. आमच्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्यायचे तर प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीचे. जन्म १८८१, नवव्या महिन्यातच दृष्टी गेली, लहानपणी लग्न झाले, आणि १९१५ साली देह ठेवीपर्यंत शंभरावर ग्रंथ त्यांच्या नावावर जमा झाले. ते सारे भोवतीच्या माणसांनी वाचून दाखवलेले आणि लिहून घेतलेले. भक्तिपरंपरेत लिहून घेणे ही सेवा होती, आणि सेवेला नाव होते.

आधुनिक वाङ्मयात ते नाव हरवले. लेखक ही एकट्याची गोष्ट झाली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच नाव आले. लिहून घेणारा, वाचून दाखवणारी, उशी सरकवणारी, औषधाची वेळ पाळणारी ही माणसे फार तर अर्पणपत्रिकेत आली. इंग्रजीतही हेच झाले. मिल्टनची दृष्टी १६५२ च्या सुमारास गेली, महाकाव्य १६६७ मध्ये छापले गेले, आणि त्याला वाचून दाखवणाऱ्या मुलींच्या तक्रारी पुढच्यांनी गमतीने सांगितल्या. त्याला अपवाद वाटावे असे एक उदाहरण इजिप्तचे आहे. ताहा हुसेन हे अंध कादंबरीकार आणि विद्वान, १९५० ते १९५२ या काळात त्यांच्या देशाचे शिक्षणमंत्री. फ्रान्समध्ये शिकताना त्यांना वाचून दाखवणारी सुझान पुढे त्यांची पत्नी झाली. दोन मुले झाली. आपल्या आयुष्यातल्या तिच्या आवाजाचे ऋण ताहा हुसेन यांनी आत्मचरित्रात मानले, आणि अरबी वाचकाला तिचे नाव ठाऊक आहे. नाथमाधवांच्या वाचकाला त्यांच्या खाटेशेजारच्या माणसाचे नाव ठाऊक नाही.

माझ्या पहिल्या छापील कथेची सुवाच्य प्रत माझ्या धाकट्या नणंदेने केली होती. दिवसभराच्या कामानंतर, पाणी भरून झाल्यावर. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा; गोडे पाणी हा इथल्या बाईच्या दिवसाचा मोठा हिस्सा खातो. पायामुळे मला ते ओढता येत नव्हते. माझ्या वाटचे पाणी ती भरायची, आणि माझी कथाही उतरवून काढायची. कथेखाली नाव माझे एकटीचे आले. तेव्हा ते तिलाही रास्त वाटले आणि मलाही.

बाईचा संसार

वरचे तिन्ही लेखक पुरुष आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच. ही निवड मी मुद्दाम केलेली नाही. तीन गोष्टी एकत्र शोधायला गेल्यावर मराठीच्या इतिहासात पुरुषांची नावे आधी हाती येतात. त्याचे कारण उघड आहे. अपंग पुरुषाचे घर त्याच्याभोवती उभे राहते. अपंग बाईकडून घर उभे करण्याची अपेक्षा असते, आणि ते तिला जमणार नाही असे ठरवून तिचे लग्नच बहुधा होत नाही. झाले तर तिचा पहिला सगळा जोर ‘मला जमते’ हे सिद्ध करण्यात जातो. भाकरी गोल करण्यात, मुलाला कडेवर घेऊन उंबरा ओलांडण्यात, सासरच्या माणसांना एकही सबब न देण्यात. लिहिणे ही सर्वांत शेवटची सबब ठरते.

गेल्या काही दशकांत चित्र थोडे बदलले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ लिहिले, आणि त्याआधी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. सोनाली नवांगुळ यांनी सलमा यांच्या तमिळ कादंबरीचा ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा अनुवाद केला आणि त्याला २०२० चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ही दोन्ही पुस्तके वाचताना एक गोष्ट जाणवते. बाईला आधी आपली स्वतंत्र जागा करावी लागली. उतार असलेला दरवाजा, हाताशी येणारा ओटा, स्वतःच्या निर्णयाचे दिवस. मग पुस्तक आले. नाथमाधवांना घर होते आणि त्यात लेखन झाले. या दोघींना आधी राहण्याची तऱ्हाच नव्याने रचावी लागली. सलमांची कादंबरी ही घराच्या चौकटीतल्या बायकांची कथा आहे आणि ती मराठीत आणणारी व्यक्ती चाकाच्या खुर्चीवरून जगणारी आहे. बंद दाराची भाषा अनुवादकाला पुस्तकातून शिकावी लागली नसेल.

‘मात केली’ या शब्दांपलीकडे

या सगळ्या उदाहरणांतून काय हाती लागते? अपंगत्वाने कोणी लेखक होत नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात जवळजवळ ३० लाख. दुःखाने प्रतिभा येत असती तर आपल्याकडे नाथमाधवांची रांग लागली असती. वर्तमानपत्रांतून ‘अपंगत्वावर मात’ ही शब्दयोजना आपण वारंवार वाचतो. ती वाचताना असे वाटते की एकटा माणूस एका शत्रूशी झुंजला आणि जिंकला. नाथमाधव पुन्हा चालले नाहीत, कोल्हटकरांचा चेहरा पूर्ववत झाला नाही, खांडेकरांना पुन्हा दिसले नाही. मात वगैरे काही झाली नाही. व्यवस्था झाली. कोणी वाचून दाखवले, कोणी लिहून घेतले, वकिलीने किंवा शाळेच्या पगाराने चूल पेटती ठेवली, टपालाने अंतर कमी केले. जिथे ही व्यवस्था होती तिथे पुस्तक झाले. जिथे नव्हती तिथे काय काय गेले याचा हिशेब कोणत्याच इतिहासात मिळणार नाही.

ही गोष्ट मान्य केली तर पुढचा प्रश्न सार्वजनिक होतो. १९९५ च्या कायद्याने अपंगांच्या हक्कांना प्रथम चौकट दिली, २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला आज लेखनिक मिळतो. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेसाठी समाजाने जे तत्त्व मान्य केले, ते तीन वर्षांच्या कादंबरीसाठी का मानू नये? १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना प्रकाशनासाठी अनुदान देते. त्याच धर्तीवर अपंग लेखकाला लेखनिकाच्या मानधनासाठी साहाय्य दिले तर खर्च फार नाही. आणि तालुक्याच्या वाचनालयाला पायऱ्यांऐवजी उतार केला तर खर्च त्याहूनही कमी.

यंत्राने लेखनिकाची गरज संपवली, असे कोणी म्हणेल. कुबड्यांवर तीस वर्षे भार दिल्याने माझा खांदा झिजला आहे आणि फार वेळ लिहिणे आता होत नाही. म्हणून गेली काही वर्षे मी मोबाइलला बोलून सांगते आणि तो लिहितो. उपकार मोठेच आहेत. रात्री अकराला कोणाला उठवावे लागत नाही. पण माझ्या कथेतली माणसे वऱ्हाडी बोलतात. ‘कायले’ म्हटले की यंत्र त्याचे दोन तुकडे करते, ‘रायला’ म्हटले की त्याला ‘राहिला’ हवे असते. माझी नणंद असे कधी करत नसे. उलट, ‘वयनी, आपल्याकडं असं नाय म्हनत कोनी,’ म्हणून माझाच प्रमाण मराठीकडे झुकलेला संवाद ती सरळ करत असे. लेखनिक नुसता हात नसतो, तो पहिला वाचक असतो. ज्ञानेश्वरीपासून हे चालत आले आहे, आणि यंत्राने अजून तरी ती जागा घेतलेली नाही.

पोलिओ आता गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्यासारखे पाय असलेल्यांची ही शेवटची पिढी आहे, आणि याचा मला आनंदच आहे. पण अपघात होत राहतील, डोळे जात राहतील, लहान मुलांना झटके येत राहतील, आणि त्यांतल्या काहींना गोष्टी सांगायच्या असतील. त्यांच्या पुस्तकांवर जेव्हा कोणी संशोधन करील, तेव्हा त्याने अपघाताच्या तारखेपाशी थांबू नये. त्यापुढच्या रोजच्या दिवसांची नोंद घ्यावी आणि लिहून घेणाऱ्या माणसांची नावे छापावीत. नाथमाधवांच्या बाबतीत आपण हे केले नाही. जे आज लिहीत आहेत त्यांच्या बाबतीत अजून करता येईल.